ज्युनिपर आणि अबकारी: जिनवरच्या श्राव्यमालेच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

आराखडा आज ठरला. पाच भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. जिनबद्दल दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. हॉलंडमधल्या लीडनच्या एका डॉक्टरनं ती शोधून काढली, ही पहिली. मलेरियाचं औषध घशाखाली उतरावं म्हणून इंग्रज शिपायांनी ती टॉनिकमध्ये, म्हणजे क्विनीनच्या कडवट सोडापाण्यात ओतली, ही दुसरी. दोन्ही मालेत घ्यायच्या, पण तपासून.

कणा मात्र वेगळा हवा. वाईनमध्ये द्राक्ष आणि जमीन बोलते, व्हिस्कीत धान्य आणि पिंप. जिनमधला मद्यार्क कुठल्याही शेतमालाचा चालतो, तिला वर्षानुवर्षं मुरवावं लागत नाही आणि बहुतेक जिन कुठल्याही देशात बनवता येते. तिला जिन ठरवतं ते ज्युनिपर, त्या नावाच्या झाडाचे वासाचे दाणे. गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत तिची चव जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा बहुतेक वेळा मागे एखादा कर, परवाना, बंदी किंवा नवी भट्टी होती. माला यावरच उभी करायची.

११ जानेवारी

पहिल्या भागाची सुरुवात झाडापासून. वाळवलेलं ज्युनिपर मागवलं होतं, ते आलं. सगळा दिवस त्यातच गेला.

दाणा निळसर काळा, वर पांढुरकी झाक. बोटानं चोळली की ती निघून जाते. टोकाशी तीन रेघांची चांदणी दिसते, आणि या झाडाची ओळख पटवायला तेवढी पुरते. कारण ज्युनिपरचं 'फळ' वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं फळ नाहीच. झाड सूचिपर्णी आहे, देवदार-चीडच्या नात्यातलं, आणि हा त्याचा शंकू. तीन खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटले, त्या सांध्याच्या या तीन रेघा. फोडल्यावर आत कठीण बिया. चावला तर आधी चक्क गोड लागतो, मग राळेचा कडवटपणा येतो आणि तोच बराच वेळ जिभेवर राहतो.

शंकू पिकायला दोन ते तीन वर्षं घेतो. म्हणून एकाच फांदीवर यंदाचे हिरवे आणि पिकून काळे झालेले शेजारी शेजारी असतात. इटलीत आणि बाल्कन देशांत तोडणी आजही बरीचशी हातानंच चालते: फांदीला काठीनं हलकेच झोडपायचं, पिकलेले गळतात, हिरवे टिकतात. पाने टोकदार सुया असल्यामुळे हात ओरबाडून निघतात.

वासाचा मुख्य घटक अल्फा-पायनीन. चीडच्या जंगलातला, ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास तोच. हा घटक ठळक करून ठेवतोय, तिसऱ्या भागात त्याचं मोठं काम आहे.

१९ जानेवारी

लीडनच्या डॉक्टरांचा प्रश्न मिटला. फ्रान्सिस्कस सिल्वियस, जन्म १६१४, लीडन विद्यापीठात प्राध्यापक झाले १६५८ मध्ये. माणूस खरा आणि मोठा, वैद्यकातलं त्यांचं काम भक्कम. पण लंडनमध्ये १६२३ साली छापलेल्या एका नाटकात या पेयाचा उल्लेख आहे, तोही जणू प्रेक्षकांना ते ओळखीचंच आहे अशा थाटात. त्या वर्षी सिल्वियस नऊ वर्षांचे होते.

त्याही मागे जाता येतं. तेराव्या शतकातल्या फ्लेमिश लिखाणात पोटदुखीवर ज्युनिपर उकळून घेण्याचा सल्ला सापडतो. १५५२ मध्ये अँटवर्पला छापलेल्या ऊर्ध्वपातनावरच्या एका पुस्तकात ज्युनिपरच्या अर्काची कृती आहे. म्हणजे कुणा एकाचा शोध नव्हे. वैद्यांच्या कपाटातलं औषध हळूहळू गुत्त्यात आलं, आणि नेमकं कधी आलं याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. भागात हे असंच सांगायचं. एका नावाची सोय सोडवत नाही हे कळतं, पण सोडायला हवी.

२३ जानेवारी

जेनेव्हर, जिनची डच पूर्वज. यावर मुळात दहा मिनिटं धरली होती, ती अठरा केली.

आजच्या जिनची सवय असलेल्याला जेनेव्हर पहिल्या घोटाला व्हिस्कीची बहीण वाटते. तिच्या बुडाशी असते 'मॉल्टवाइन': राय, मोड आणून वाळवलेलं बार्ली आणि मका यांचं पीठ आंबवून तांब्याच्या भट्टीत पुन्हा पुन्हा गाळलेला अर्क. हा अर्क जेमतेम ४६ ते ४८ टक्क्यांपर्यंतच चढवतात, त्यामुळे धान्याची चव, भाकरीसारखा भाजका वास त्यात शिल्लक राहतो. ज्युनिपर त्यावर वरून येतं. आजच्या नियमांतही हा फरक जपलाय: 'आउडं' म्हणजे जुन्या पद्धतीच्या जेनेव्हरमध्ये मॉल्टवाइन किमान १५ टक्के हवी, 'योंगं' म्हणजे नव्या पद्धतीच्यात १५ टक्क्यांहून जास्त नको, आणि 'कोरेनवाइन'मध्ये किमान ५१ टक्के. नवं-जुनं हे वयावरून नाही, पद्धतीवरून आहे, हे एका वाक्यात सांगायचं.

हॉलंडमधल्या स्कीडम शहराचं वर्णन लिहिलं. तिथल्या पवनचक्क्या जगातल्या पारंपरिक पवनचक्क्यांत सर्वांत उंच. इतक्या उंच का, तर गोदामांच्या आणि घरांच्या छपरांवरून वारा पकडायचा होता. भट्ट्यांना लागणारं माल्ट या चक्क्या दळत. एका पेयासाठी शहराच्या क्षितिजाची रेघच वर गेली, हे मला फार आवडलं. इथे वाऱ्याचा आणि जात्याचा आवाज हवा, असं ध्वनीचं काम बघणाऱ्या मैत्रिणीला कळवलं.

३० जानेवारी

इंग्लंड. १६८८ मध्ये डच राजपुत्र विल्यम इंग्लंडला आला आणि पुढच्या वर्षी गादीवर बसला. फ्रान्सशी युद्ध, म्हणून फ्रेंच ब्रँडीवर बंदी. १६९० मध्ये संसदेनं देशी धान्याची दारू गाळायला उत्तेजन देणारा कायदा केला आणि लंडनच्या डिस्टिलर्स कंपनीकडे १६३८ पासून असलेली मक्तेदारी संपली. कर भरा आणि गाळा.

संसदेत बसणारे बरेचसे जमीनदार. पीक चांगलं, धान्याचे भाव पडलेले, आणि ब्रेडच्या किंवा बियरच्याही लायकीचं नसलेलं धान्य भट्टी विकत घेते. त्यांचा स्वार्थ उघड होता. पुढची साठ वर्षं लंडनच्या गरीब वस्त्यांत जे झालं, त्याची मुळं या हिशेबात आहेत. दुसऱ्या भागात 'गरिबांचं व्यसन' असा सूर लागू द्यायचा नाही. दारू स्वस्त करण्याचा निर्णय गरिबांनी घेतला नव्हता.

४ फेब्रुवारी

जिन-ज्वराचे, म्हणजे लंडनमध्ये जिनचा सुळसुळाट झाला त्या काळातले कायदे एका ओळीत मांडून पाहिले: १७२९, १७३३, १७३६, १७३८, १७४३, १७४७, १७५१. मैत्रिणीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "अरे, ही दारूची गोष्ट कमी आणि कराची जास्त आहे!" माझंही म्हणणं हेच.

१७२९ चा कायदा बारकाईनं सांगायलाच हवा. विक्रेत्याला २० पौंडांचा परवाना आणि वर चवदार, मिश्र मद्यावर जबर कर. कर लागणार होता ज्युनिपर किंवा तत्सम काही घातलेल्या मद्यावर. गाळणाऱ्यांनी काय केलं? ज्युनिपरच काढून टाकलं. कच्चा, बेचव, घसा जाळणारा मद्यार्क तसाच विकायला लागले आणि लोकांनी त्याला 'पार्लमेंट ब्रँडी' असं नाव ठेवलं. कायद्यानं जिनमधली जिनच काढून घेतली. १७३३ मध्ये तो रद्द झाला.

मग १७३६. दोन गॅलनपेक्षा कमी मद्य विकायचं तर वर्षाला ५० पौंड परवाना, शिवाय गॅलनमागे २० शिलिंग कर. ५० पौंड ही रक्कम गल्लीतल्या ढकलगाडीवाल्या बाईनं आयुष्यात कधी पाहिली नसेल. कायदा अमलात आला २९ सप्टेंबरला. त्या सुमारास लोकांनी 'मदर जिन'च्या, म्हणजे जिनच्याच, लुटुपुटीच्या अंत्ययात्रा काढल्या. परवाने घेतले बोटांवर मोजण्याइतक्यांनी. चोरटी विक्री पकडून देणाऱ्याला ५ पौंड बक्षीस होतं, त्यामुळे खबऱ्यांचा धंदा उभा राहिला आणि खबरे सापडले की जमाव त्यांना तुडवू लागला.

चोरून जिन विकणाऱ्या डडली ब्रॅडस्ट्रीटची हकीकत याच काळातली, त्यानंच आपल्या आठवणींत लिहिलेली. कायदा वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं की घर कुणाच्या नावावर आहे हे खबऱ्याला सांगता आलं नाही तर घरात शिरता येत नाही. त्यानं दुसऱ्याकरवी घर भाड्यानं घेतलं आणि खिडकीला मांजराची पाटी ठोकली. पंजाखाली शिशाची नळी, तिचं आतलं टोक नरसाळ्याला. गिऱ्हाईक मांजराच्या तोंडात नाणं टाकी आणि हळूच मागणी सांगे. आतून तो माप ओते आणि पंजाखालून जिन बाहेर. खिडकीचा आवाज, नाण्याचा आवाज, नळीतून थेंब पडण्याचा आवाज: हे दृश्य कानांसाठीच घडलंय.

१७४३ मध्ये सरकारनं हात टेकले. परवाना १ पौंडावर आणला. त्या सुमारास इंग्लंडमध्ये वर्षाला सुमारे ८० लाख गॅलन मद्य कर भरून बाहेर पडत होतं, आणि न भरलेलं वेगळं.

६ फेब्रुवारी

ज्युडिथ डिफोर. १७३४. दोन वर्षांची मुलगी मेरी हिला गरिबांना ठेवत त्या वर्कहाऊसमध्ये नुकते नवे कपडे मिळाले होते. आईनं मुलीला बाहेर आणलं, गळा दाबून मारलं, कपडे विकले. १ शिलिंग ४ पेन्स आले, त्याची जिन. खटल्याचे कागद उपलब्ध आहेत आणि तिला फाशी झाली.

घ्यायचं की नाही यावर बराच विचार केला. तेव्हाच्या सुधारकांनी या घटनेचा पत्रकांतून भरपूर वापर केला, 'बघा या बायका' म्हणून. घेणार आहे, पण संगीत नाही आणि भाष्यही नाही. मागे-पुढे तिची रेशीम कातण्याची रात्रपाळी, तिची मजुरी आणि एका प्याल्याची किंमत एवढंच. मुलीचं नाव मात्र घ्यायचं. पत्रकांत ते सहसा नसायचं.

९ फेब्रुवारी

इंग्रज चित्रकार होगार्थचं 'जिन लेन' हे चित्र मोठं करून टेबलावर पसरलं. १ फेब्रुवारी १७५१ ला प्रसिद्ध, किंमत १ शिलिंग. म्हणजे चित्रातल्या माणसांना परवडणारं नव्हतं, ते कायदा करणाऱ्यांसाठी होतं.

सगळे त्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईबद्दल बोलतात: तपकीर चिमटीत, मूल हातातून निसटून कठड्याखाली जातंय आणि तिच्या चेहऱ्यावर हसू. मला डावीकडचं सावकाराचं दुकान जास्त बोलतं वाटलं. एक सुतार करवत गहाण टाकतोय, शेजारी एक गृहिणी तिची भांडी. सावकार करवतीची धार निरखून बघतोय. उद्या या सुताराला काम मिळालं तरी तो करणार कशानं? खाली तळघराच्या दारावर पाटी: पेनीत नशा, दोन पेन्सांत बेशुद्धी, स्वच्छ पेंढा फुकट. मागे ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चचा कळस, पार दूर. वस्ती सेंट जाइल्सची.

त्याच वर्षीच्या कायद्यानं गाळणाऱ्यांना बिनपरवाना दुकानांना माल विकायची बंदी केली आणि या वेळी कायदा लागू पडला. पण १७५७ मध्ये पीक बुडालं आणि धान्यापासून गाळण्यावर काही वर्षं बंदीच आली, त्याचाही वाटा मोठा. दोन्ही कारणं सांगायची. चित्रानं लंडन सुधारलं असं म्हणणं सोपं आहे, म्हणणार नाही.

१७ फेब्रुवारी

टर्पेंटाइन, रंग पातळ करायला वापरतात ते तेल.

अठराव्या शतकातल्या मद्य बनवण्याच्या कृतींमध्ये जिनच्या घटकांत टर्पेंटाइन तेल आणि सल्फ्युरिक आम्ल लिहिलेलं सापडतं. ऐकल्यावर वाटतं, निव्वळ विषप्रयोग. पण टर्पेंटाइन येतं चीडच्या राळेतून आणि त्याचा मुख्य घटक पायनीन. म्हणजे ज्युनिपरच्या वासाचा जो गाभा, तोच, खूप स्वस्तात. भेसळ करणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, नाकाला ठाऊक होतं. म्हणूनच ती भेसळ खपली. वेगळ्या वासाची असती तर पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

११ जानेवारीला ठळक करून ठेवलेला घटक इथे वापरायचा. तिसऱ्या भागाचं पहिलं वाक्य: ज्युनिपर आणि रंगाचं दुकान यांच्यात एकच रेणू आहे.

याच जागी साखरेचंही कारण. कच्च्या अर्काची धग झाकायला जिन गोड करून विकत. 'ओल्ड टॉम' ही त्या गोडसर घराण्याची.

२० फेब्रुवारी

गोडी गेली ती एका अबकारी अधिकाऱ्यामुळे. इनियस कॉफी, आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात वर चढत गेलेला माणूस. १८१० मध्ये डोनेगलला चोरट्या भट्ट्यांच्या मागावर असताना जमावानं त्याला बेदम मारलं. डोक्याला आणि अंगावर खोल जखमा. तरी नोकरी सोडली नाही. १८२४ मध्ये राजीनामा दिला आणि १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं.

काम असं: दोन उंच स्तंभ, आत एकावर एक छिद्रांच्या ताटल्या. आंबवण वरून खाली येतं, वाफ खालून वर जाते, प्रत्येक ताटलीवर मद्यार्क थोडा थोडा शुद्ध होतो. भट्टी रिकामी करून पुन्हा भरायची गरज नाही. निघणारा अर्क ९० टक्क्यांच्या पुढे आणि जवळजवळ बिनवासाचा. झाकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा साखरेची गरजही संपत गेली आणि ज्युनिपर, धणे, लिंबाची साल स्वतःच्या पायावर उभी राहिली. कोरडी लंडन जिन यातून आली. या इनियस कॉफीवर मला एक अख्खा भाग करायला आवडला असता.

२८ फेब्रुवारी

चौथा भाग, चव. शुद्ध मद्यार्क पाण्यानं निम्म्यावर आणतात, त्यात मसाला रात्रभर भिजवतात आणि तांब्याच्या भट्टीत तापवतात. काही ठिकाणी मसाला भिजवत नाहीत, वरच्या जाळीत ठेवतात आणि वाफ त्यातून जाते. चव हलकी उतरते.

सगळं एकदम उतरत नाही. सुरुवातीचा तिखट भाग बाजूला काढतात. मग आधी लिंबू-संत्र्याच्या सालींचा उजळ वास, मग ज्युनिपर आणि धणे, शेवटी मुळं: अँजेलिकाचा मातकट, ओला वास आणि ओरिस. ओरिस म्हणजे आयरिसच्या झाडाचा कंद. ताजा असताना त्याला जवळजवळ वास नसतो; वाळवून काही वर्षं ठेवला की व्हायोलेटच्या फुलांसारखा येतो. शेवटचा उकडलेल्या भाजीसारखा भाग यायच्या आत भट्टीवाला नळ फिरवतो. हा क्षण नाकानं ठरतो, कुठल्याही यंत्रावर काटा असला तरी.

बाटलीबंद जिनमध्ये पाणी घातल्यावर कधी कधी दुधाळ धुकं येतं. खराबी नव्हे. मद्यार्क कमी झाला की तेलं विरघळून राहू शकत नाहीत आणि बारीक थेंब होऊन तरंगतात. मला तर ते बघून समाधान वाटतं, तेल भरपूर आहे याची ती खूण.

६ मार्च

टॉनिक. त्यातलं क्विनीन, म्हणजे मलेरियाचं औषध, सिंकोनाच्या झाडाच्या सालीतून वेगळं केलं पेल्तिये आणि काव्हेंतू यांनी, १८२० मध्ये, पॅरिसला. टॉनिकचं पहिलं पेटंट इरॅस्मस बाँडचं, १८५८, लंडन. श्वेप्स कंपनीचं 'इंडियन क्विनाइन टॉनिक' १८७० चं. जिन आणि टॉनिक एकत्र असल्याची जुनी नोंद १८६८ च्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मध्ये, आणि ती घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात. बराकीतली नाही, दवाखान्यातलीही नाही.

क्विनीन सैन्यात दिलं जाई हे खरं. टॉनिकनं मलेरिया बरा होत असे हे मात्र हिशेबात बसत नाही. अमेरिकेत आज टॉनिकमध्ये लिटरमागे ८३ मिलिग्रॅमपर्यंत क्विनीन चालतं. मलेरियाच्या उपचारात प्रौढाला दिवसाला १.८ ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे रोज वीस लिटरहून जास्त टॉनिक. भागात हा भागाकार श्रोत्यांसमोरच करून दाखवणार.

१२ मार्च

विसावं शतक थोडक्यात उरकतोय. अमेरिकेतली १९२० ते १९३३ ची दारूबंदी (मुरवावी लागत नसल्यानं जिन घरोघरी, आणि बहुतेक भयंकर), मग कॉकटेलची चलती, मग व्होडकाची सरशी.

जास्त वेळ २००९ ला. ब्रिटनच्या अबकारी खात्याकडून छोट्या भट्टीला परवाना मिळत नसे. लंडनच्या सिपस्मिथ या छोट्या भट्टीनं त्यासाठी झगडून तो मिळवला आणि मागोमाग छोट्या जिनवाल्यांची रांग लागली. पुन्हा परवानाच.

१५ मार्च

पाचव्या भागाची संहिता आज संपादित केली. मध्यभागी युरोपीय संघाचा २०१९ चा नियम: जिन किमान ३७.५ टक्के आणि चवीत ज्युनिपरचं प्राबल्य. 'लंडन जिन'साठी आणखी कडक: सगळी चव गाळतानाच यायला हवी, नंतर गोडवा लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नको, रंग अजिबात नको. बनवायची मात्र कुठेही.

'प्राबल्य' कुणी मोजायचं? मद्यार्काचं प्रमाण मोजता येतं, साखर मोजता येते, प्राबल्याला आकडा नाही. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या, ज्युनिपर नावालाच असलेल्या बाटल्या या एका शब्दाच्या आधारानं मांडणीवर उभ्या आहेत. त्या पिणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यात ज्युनिपर शोधावं लागतं तिला जिन म्हणणं मला मान्य नाही आणि भागात हे माझं मत म्हणून स्पष्ट बोलणार आहे.

शिवाय झाडाचाच प्रश्न आहे. ब्रिटनमधलं रानटी ज्युनिपर कमी होत चाललंय. चराईत रोपं टिकत नाहीत, आणि मुळांना कुजवणारा फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री हा रोग उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या झाडोऱ्यांत पसरलाय. यासाठी चार मिनिटं हवीत. कॉकटेलच्या इतिहासातून ती कापून घेतली. ध्वनिमुद्रण मंगळवारी, आधी पहिला आणि तिसरा भाग.